बॉट, ट्रोल आणि आमचे मामा

कोविडवर ट्वीट करणारी निम्मी खाती बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालणारी होती, असं तेव्हा वाचलं होतं. खरं का?

तो आकडा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा, मे २०२० मधला. २० कोटींहून जास्त ट्वीट चाळून तिथल्या संशोधकांनी म्हटलं, की साधारण ४५ टक्के ट्वीट बॉटसारखं वागणाऱ्या खात्यांवरून आली. मथळ्यांमध्ये त्यातलं ‘सारखं’ गळालं. लॉकडाउनमध्ये घरी बसून दिवसभर रिट्वीट करणारा माणूसही यंत्रासारखाच दिसतो, त्यामुळे मी तो आकडा जपूनच वापरतो.

बॉट ओळखायचा कसा? नावापुढे आकड्यांची शेपटी असली की समजायचं का?

नाही हो. तशी नावं ट्विटर स्वतःच सुचवायचं, माझ्या आईच्या खात्यालाही ती शेपटी आहे. एकटं खातं बघून फारसं कळत नाही, घोळका बघा. एकाच आठवड्यात उघडलेली खाती, काही सेकंदांच्या फरकाने तेच वाक्य, आणि त्यात ‘लसीकरन’ अशी तीच चूक. सभेला ट्रक भरून माणसं आणतात ना, तसं. भाषण त्यांना पटलं नाही तरी चालतं, मैदान भरलेलं दिसलं पाहिजे.

यातून कुणाला काय मिळतं?

काहींना काढे विकायचे असतात. पण सरकारंही यात आहेत. २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की रशियन ट्रोल खाती, म्हणजे मुद्दाम कळ काढणारी खाती, लसीच्या बाजूनेही लिहीत होती आणि विरोधातही. भांडण पेटतं राहिलं की झालं! आणि एकट्या रशियाकडे बोट नको. कोविडकाळात अमेरिकी लष्कराने खोट्या खात्यांवरून फिलिपिन्समध्ये चिनी सायनोव्हॅक लसीची बदनामी केली, हे २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने उघड केलं. तशी किमान ३०० खाती त्यांना सापडली. ‘चीन हाच विषाणू’ अशा अर्थाचा हॅशटॅग तिथल्याच टागालोग भाषेत चालवला होता. तेव्हा त्या देशात लोकांना लस मिळायची मारामार होती.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मामा रोज असलं काहीतरी टाकतात. ते कुठल्या खात्यात मोडतात?

मामांच्याच! २००६ ते २०१७ मधल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा ट्विटरवरचा प्रवास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासला. बॉट खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होते. खोटं पुढे गेलं ते माणसांमुळे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, तेव्हा असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. मामांना मात्र ग्रुपवर सगळ्यांदेखत खोडू नका, हट्टाला पेटतील. संध्याकाळी फोन करा, आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करा.