दारात काय मांडायचं?

पोरी,

सेल्समन रॅक फुकट देतोय म्हणून तू सिंधी माल मागे सारून पुढे बिस्किटं नि शॅम्पूच्या पुड्या लावणार आहेस, असं तुझ्या वडिलांनी सांगितलं. लावू नकोस. त्या पुड्या प्रत्येक नाक्यावर आहेत, मोबाइलवरून दहा मिनिटांत घरीही येतात. चेंबूर कॅम्पाच्या सिंधी वस्तीत तुमच्या गाळ्यापर्यंत माणूस चालत येतो तो भी म्हणजे कमळाच्या देठांसाठी, मिरी-जिऱ्याच्या पापडासाठी, होळीच्या तोंडावर घियर या जिलबीसारख्या मिठाईसाठी. दुसरीकडे मिळत नाही तेच तुझ्या दारात दिसलं पाहिजे.

"आम्ही आत्ता सिंधमधून आलेले, वेगळं दिसून कसं चालेल?" म्हणे! अगं, फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरलेल्या सिंधी बायकांनी पापड लाटून दारोदार विकले. त्याच छावण्यांचं १९४९ साली उल्हासनगर झालं. त्यांनी आपली चव लपवली असती, तर सिंधी पापड आम्हा मराठी माणसांच्या ताटात आला असता का? आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या तुमच्यासारख्या हिंदू कुटुंबांना बँकेत खातं, पॅन कार्ड, धंद्यासाठी जागा घ्यायची मुभा २०१६ पासून आहे. खातं उघडा, सगळी रोकड गल्ल्यात ठेवू नका.

भी घेताना मात्र हलगर्जीपणा नको. दोन्ही टोकं बंद असलेलं कांडंच घ्यायचं. टोक उघडं असलं की भोकांत चिखल शिरतो, कितीही धुतलं तरी दाताखाली कचकचतं. वाशीच्या मार्केटात तुझे वडील घाईत ढीगच्या ढीग उचलतात, मी पाहिलंय. मराठी गिऱ्हाईक आलं तर सोलून, तिरके काप करून दे, कुकरला लावायचं कसं तेही सांग. पुढच्या वेळी ते शेजारणीला घेऊन येईल.

मी जन्मभर कुळथाचं पीठ, आमसुलं, सांडगी मिरची, फणसाचे पापड एवढंच विकलं. बरोबरीच्यांचे दोन-दोन गाळे झाले. माझा मुलगा दुकानात बसला नाही, नोकरीला गेला. त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. डोक्यावर कुणाचं देणं नाही आणि कुळथासाठी बोरिवलीहून माणसं येतात. दुसरीकडे मिळत नाही म्हणूनच येतात ना?

सेल्समनला उद्याच नाही म्हणून कळव. तुला अवघड वाटत असेल तर नंबर दे, मी बोलतो. आणि होळीच्या घियरची पाटी आतापासून लिहायला घे, मराठीतही लिही.

तुझा काका