पाठ टेकली नाही अजून

बाळा, प्रभूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आलेला, सकाळी वाचला आणि खरं सांगतो आधी रागच आला. "काका, सैतान जिंकला बहुतेक, प्रार्थनेला बसलो की आत काहीच हलत नाही" असं लिहिलंयस, आणि वर कुणीतरी सांगितलं तुझ्यावर सैतानाचं बंधन आहे म्हणून एकवीस दिवसांचा उपास धरलायस, तोही नुसत्या पाण्यावर, आणि काम कुठं तर शिरोलीत फौंड्रीत, भट्टीपुढं. अरे बायबलात दानीएलाचा दहावा अध्याय स्वतः उघडून वाच की. तीन आठवडे त्यानं चांगलंचुंगलं खाल्लं नाही, मांस आणि द्राक्षारस तोंडाला लावला नाही, एवढंच आहे तिथं. उपाशीपोटी नाईट मारली असं नाही लिहिलेलं. आज जेव. आधी जेव, मग पुढचं वाच.

एलीया संदेष्ट्याला बघ. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी पडलेला त्यानं डोळ्यांनी बघितला आणि नंतर ईजबेल राणीच्या एका निरोपानं रानात पळाला, झुडपाखाली बसून मरण मागितलं. देवदूतानं काय केलं? भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला, तर परत उठवून खायला घातलं. मग तो चाळीस दिवस चालला, होरेब डोंगरापर्यंत.

सैतान नाहीच असं मी म्हणत नाही. पण जिंकला कोण हे तू कशावरून ठरवलंस? काही वाटत नाही यावरून? इफिसकरांच्या पत्रात सहाव्या अध्यायात "आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही" असं आहे ना, तिथला मूळ ग्रीक शब्द आहे 'पाले', म्हणजे कुस्ती. आता कोल्हापूरच्या पोराला हे समजवायला लागावं? वडील मला लहानपणी खासबागला न्यायचे, शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं मैदान, तिथं एकदा एक पैलवान खाली गेलेला, पालथा, छाती मातीत, वरच्यानं कब्जा घेतलेला आणि मानेवर कोपर घासत होता, तोंडात लाल माती, हलगी वाजतेय, आणि मी म्हटलं हरला की ओ हा. वडील म्हणाले, गप बस, पाठ टेकली काय? दहा-पंधरा मिनिटं तो तसाच पडून होता. काही करत नव्हता, नुसता पाठ लागू देत नव्हता. कुस्ती शेवटी बरोबरीत सोडवली. मला तेव्हा मजा वाटली नव्हती, आता साठीनंतर तीच एक कुस्ती आठवते.

खाली गेलायस तू. मान्य. पाठ टेकलीय काय?

माझी टेकली होती म्हणून विचारतोय. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मी पंच होतो, कमिटीत. हिशोबात गडबड दिसली, मीटिंगमध्ये बोललो, तर चौघांनी मलाच गप्प केलं. ते चूकच होतं, आज पण म्हणतो. मी पावत्या तीनदा जुळवल्या होत्या, बेरीज माझी बरोबर होती आणि मी बोललो नसतो तर कुणी बोललं नसतं, म्हणून बोलल्याचा पस्तावा मला नाही. पण मी रविवारी चर्चला जाणं बंद केलं. एक रविवार, दोन, आणि बघता बघता सात वर्षं. सैतान माझ्याकडं कधी किंचाळत आला नाही बाळा, तो न्यायाच्या गोष्टी करत आला आणि प्रत्येक गोष्ट खरी होती.

तुझी काकू एकटी जायची. ती वारल्यावर तिचं 'उपासना संगीत', गाण्यांचं पुस्तक, उघडलं तर गाण्यांशेजारी पेन्सिलीनं बारीक तारखा, ज्या रविवारी जे म्हटलं त्याची. सुरुवातीच्या काही तारखांपुढं लिहिलंय, "हे आले नाहीत." पुढं पुढं तेही लिहिणं बंद झालंय, नुसत्या तारखा. ते लिहिणं थांबलेलं मला जास्त लागतं.

म्हणून तू दोन महिने आला नाहीस, "शिफ्ट असते काका" म्हणतोस, तेव्हा मला उपासाबद्दल बोलायचंच नसतं. इफिसकरांच्या त्याच अध्यायात पुढं देवाच्या शस्त्रसामग्रीचा उतारा आहे, तो पौलानं बेड्यांत असताना लिहिला, आणि त्यात 'तू' कुठंच नाही, सगळं 'तुम्ही' आहे, उभे राहा, धारण करा. रफीदीमच्या लढाईत मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचं, पण त्याचे हात सुद्धा खाली यायला लागले होते, लढाई चालू असताना. अहरोन आणि हूरनं बुडाखाली दगड दिला, दोन बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. मोशेला हात धरायला दोघं लागले आणि तू रूमचं दार लावून एकटा बसणार होय?

प्रार्थना कोरडी असू दे. तेरावं स्तोत्र उघड, "हे परमेश्वरा, किती वेळ" इथूनच चालू होतं, तेवढंच म्हण आणि झोप. काही वाटलं नाही तरी उद्या परत म्हण. पाठ टेकू द्यायची नाही एवढंच काम आहे सध्या, बाकी कब्जातून सोडवणारा प्रभू आहे. पेत्राला प्रभू म्हणाला होता, सैतानानं तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी तुझ्यासाठी विनंती केलीय. पेत्र कोंबडा आरवायच्या आधी आपल्याला नाकारणार हे माहीत असून प्रभू हे म्हणाला.

मी जास्त बोललो असेन. तुझ्या निमित्तानं माझंच सांगत बसलो, पण सात वर्षं मला असं कुणी रागावलं नव्हतं, सगळ्यांनी समजून घेतलं.

या शनिवारी तुला सेकंड शिफ्ट आहे, म्हणजे रात्री सुटून रूमवर यायला बारा वाजतील. झोप नीट. रविवारी साडेआठला मी गाडी घेऊन तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येतो, पोहे डब्यात आणतो, गाडीतच खा. उपासना नऊला आहे. डावीकडून तिसरं बाक, काकूची जागा मोकळी असते.