सिंह मेला त्या पानावर पुस्तक मिटू नका

एका आईचं पत्र आलंय. घरात अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा, नवरा आणि सासूबाई. रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना झाली की त्या मुलांना सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतलं पहिलं पुस्तक, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', वाचून दाखवायच्या. एका रात्री चेटकीण सिंहाला मारते तो भाग झाला आणि धाकटा रडत रडत झोपला. सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. सकाळी पुस्तक कपाटावर गेलं. "प्रार्थनेच्या घरात जादूटोण्याची पुस्तकं नकोत," असं त्या म्हणाल्या. नवरा काहीच बोलला नाही. पत्राच्या शेवटी या आई विचारतात, "ख्रिस्ती लेखक म्हणून विश्वासानं पुस्तक आणलं होतं. ताई, माझं चुकलं का?"

पुस्तक आणलंत त्यात काहीच चुकलं नाही. चुकली ती थांबायची जागा.

तुम्ही चौदाव्या प्रकरणावर थांबलात. त्यात काय काय आहे ते आठवा. अस्लानला, म्हणजे त्या सिंहाला, दोरांनी करकचून बांधतात, त्याची आयाळ भादरतात, तोंडाला मुसकं घालतात, टवाळी करतात आणि दगडी मेजावर सुरा चालतो. दोन मुली झुडपाआड लपून हे बघतात, सुरा चालताना मात्र त्या डोळे झाकून घेतात. सात वर्षांच्या मुलाला तुम्ही एवढं ऐकवलंत आणि दिवा मालवलात. तो रात्रभर मेलेला सिंह उशाशी घेऊन झोपला. सासूबाईंनीही तेवढंच ऐकलं.

पंधराव्या प्रकरणात त्याच दोघी जवळ जाऊन त्याच्या तोंडावरचं मुसकं काढतात. गाठी त्यांना सुटत नाहीत. उंदीर येऊन दोर कुरतडतात. उजाडताना मेज दुभंगतं, आणि सिंह जिवंत उभा असतो. विश्वासघात केलेल्या एका मुलाच्या बदल्यात तो मेलेला असतो. येशूच्या कबरेपाशी पहाटे गेलेल्या स्त्रियांची गोष्ट सासूबाईंना तोंडपाठ असेल. ही दोन प्रकरणं एका बैठकीत वाचायची असतात. वेळ नसेल तर तेराव्यावरच थांबायचं.

पण सासूबाईंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात चेटूक आणि मंत्रतंत्र स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहेत, आणि त्या ते मनापासून पाळतात. तेव्हा "अहो, गोष्टच तर आहे" असं त्यांना म्हणू नका. पुस्तकात जादू आहे की नाही, याच्या पुढे जाऊन ती तिथे काय करते ते बघा. या पुस्तकात चेटकिणीच्या जादूनं वर्षानुवर्षं हिवाळा पडलाय आणि नाताळ कधी येतच नाही. तिनं दिलेली मिठाई एडमंड, म्हणजे तोच विश्वासघात करणारा मुलगा, खातो तेव्हा त्याचं पोट भरतच नाही, आणखी हवी म्हणून तो भावाबहिणींना विकायला निघतो. हे ऐकून कोणत्या मुलाला चेटकीण व्हावंसं वाटेल? मला तर मोहाचं इतकं नेमकं चित्र मुलांच्या पुस्तकात फार कमी वेळा दिसलंय.

एक गोष्ट मात्र सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, मागाहून कळली तर त्यांचा विश्वास उडेल. 1952 साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात लूसी, म्हणजे चांगली मुलगी, जादूगाराच्या पुस्तकातले मंत्र स्वतः वाचते. सुंदर होण्याच्या मंत्राशी ती अडखळते तेव्हा पानातून अस्लानचा चेहरा गुरगुरतो. मैत्रिणीचं बोलणं चोरून ऐकण्याचा मंत्र मात्र ती म्हणते, आणि त्याची खंत तिच्या मनात राहते. मला हा प्रसंग आवडतो. तुमच्या घरात तो चालेल का, हे तुम्ही दोघींनी मिळून ठरवा.

सातवं पुस्तक, 1956चं, धाकट्यासाठी थांबू द्या. त्यात एका जगाचा अंत आहे आणि मुलांचा रेल्वे अपघातात मृत्यू आहे. शिवाय शत्रुदेशातल्या कॅलोरमेन लोकांचं चित्रण मला खटकतं: सावळे, फेटेवाले, आणि बहुतेक क्रूर. मुलीला ते वाचायला देताना यावर बोला. त्याच पुस्तकात एमेथ नावाचा कॅलोरमेनी आहे. आयुष्यभर दुसऱ्या देवाची प्रामाणिक सेवा केलेल्या त्या माणसाला अस्लान जवळ घेतो. यावरून ख्रिस्ती वाचकांमध्येच मतभेद आहेत, तुमच्या जेवणाच्या टेबलावरही होतील. होऊ द्या, मुलीला तेही ऐकू द्या.

तुम्ही लिहिता, "ख्रिस्ती लेखक म्हणून विश्वासानं आणलं." इथे जरा सावध व्हा. मुखपृष्ठावर ख्रिस्ती लिहिलेलं असलं म्हणजे मजकूर मुलांच्या वयाचा असतोच असं नाही. दुरात्म्यांशी लढाईच्या काही कादंबऱ्या मोठ्यांनाही रात्री वाचवत नाहीत. आधी स्वतः पूर्ण वाचा, मग मुलांसमोर उघडा. मी एकदा हा आळस केला होता. भाच्याला वाचून दाखवताना पुढचं पान येताच माझा आवाज अडला, आणि त्यानं पानावर हात ठेवून विचारलं, "मावशी, आता काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि वाचताना दर पानाला "सिंह म्हणजे येशू बरं का" असं सांगू नका. हे रूपक नाही, असं लुईसनं स्वतः म्हटलंय. असं एखादं जग असतं आणि देवाचा पुत्र तिथे सिंह होऊन आला असता तर काय झालं असतं, ही त्याची कल्पना. तुमच्या मुलीला ते आपलं आपण उमगू द्या. कदाचित एव्हाना उमगलंही असेल.

सासूबाईंना पटवायला माझं हे उत्तर वाचून दाखवू नका. पवित्र शास्त्रातल्या 'शास्ते' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात झाडं राजा निवडायला निघतात आणि शेवटी काटेरी झुडपाला विचारतात, ती गोष्ट त्यांच्याकडून मुलांना सांगवून घ्या. बोलणारी झाडं पवित्र शास्त्रातही आहेत, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन बसा आणि पंधरावं प्रकरण वाचा. नवऱ्यालाही बोलवा, निदान एक पान त्याला वाचू दे.

तुम्ही लिहिलंय की झोपण्याआधी धाकट्यानं विचारलं, "सिंह एवढा ताकदवान होता, मग त्यानं स्वतःला बांधून का घेतलं?" तुम्ही "उद्या सांगते" म्हणालात. त्याला तो प्रश्न आजीला विचारू द्या. दर उत्तम शुक्रवारी, येशूच्या क्रूसावरच्या मरणाच्या दिवशी, त्या त्याचंच उत्तर सांगत आल्या आहेत.