गीत : पारंपरिक

प्रश्न : गीतकारांना गाणी नेमकी कशी सुचतात? स्वतःच्या गाण्यांमागची प्रेरणा सांगाल का? मी नुकताच लिहायला लागलो आहे. चालीवर शब्द कसे बसवायचे तेही सांगा.

प्रेरणा हा शब्द मी एकाही गीतकाराच्या तोंडून ऐकलेला नाही. तो मुलाखत घेणाऱ्यांकडे असतो. आम्हाला फोन यायचा, "गुरुवारपर्यंत आठ गाणी पाहिजेत, चार देवीची, चार खंडोबाची." झाली प्रेरणा. माझी शंभरेक गाणी कॅसेटवर आली, पुढे सीडीवर, मग मोबाईलच्या दुकानात चिपमध्ये भरून मिळायला लागली. त्यातली नव्वद मागणीवरची. हळदीचं, पोतराजाचं, सरपंचाच्या प्रचाराचं. सुतार पाट करून देतो तशी करून दिली. काही बरी झाली, काही आता ऐकवत नाहीत.

उरलेल्या दहातल्या एकाच गाण्याचं सांगतो, कारण त्याच्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, तीस वर्षं भांडण चालू आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि ते सगळं परत वर आलं.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. जेजुरी एवढी जवळ की सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर निघाली की अर्धं गाव तिकडेच. १९९३ साली मी गावच्या डेअरीत फॅट लावायला, म्हणजे दुधातली चरबी मोजायला होतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. नळीत दहा मिली ॲसिड, त्यावर पावणेअकरा मिली दूध, एक मिली अल्कोहोल, बूच दाबून हलवायचं. नळी अशी तापते की फडक्याशिवाय धरवत नाही. मग सगळ्या नळ्या मशीनमध्ये समोरासमोर लावायच्या आणि दांडा फिरवायचा. आमचं मशीन हाताचं होतं. पाच मिनिटं, एकसारखा वेग. हात ढिला पडला की फॅट कमी दिसतं आणि म्हशीवाला भांडायला उठतो.

पहाटेची वेळ, बाहेर किटल्यांची रांग, आत मशीनची घरघर. एका दिवशी दांडा फिरवता फिरवता माझ्या तोंडून ओळी आल्या :

वर म्हाळसा बसली, अर्ध्या पायरीला बानू
दोन घरच्या पाव्हण्या, कुणाचा मी तुला मानू

आईची जात्यावरची ओवी होती. मला ती आठवते हेच मला माहीत नव्हतं. आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. जातं सोप्यात कोपऱ्याला गेलं, त्याच्यावर हंडे ठेवायला लागले, आणि आईचं गाणं बंद झालं. ती नुसती बसून कधी गायली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "हाताला काम नसताना काय वरडायचं?" तर तुम्हाला सुचण्याचं जे काही शास्त्र पाहिजे ते माझ्याकडे एवढंच आहे. हात गोल फिरला आणि वीस वर्षांपूर्वीची ओळ बाहेर आली. मी फॅटच्या पावतीच्या पाठीमागे ती लिहिली आणि संध्याकाळपर्यंत तीन कडवी केली.

ज्यांना जेजुरी माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. म्हाळसा नेवाशाची, लिंगायत वाण्याची लेक, जेजुरीच्या खंडोबाची पहिली बायको. ती गडावर देवाशेजारी. बानू चंदनपुरीची, धनगराची. तिच्यासाठी देव धनगराच्या घरी मेंढरं राखायला राहिला, आणि तिचं देऊळ गड चढताना अर्ध्या वाटेवर. दोघींच्या भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी जागरणात पूर्वीपासून गातात, त्यात माझं नवं काही नाही. माझी तीन कडवी म्हणजे म्हाळसाचं ताट आणि बानूचं ताट, एकीच्या हातचं पुरण आणि दुसरीच्या हातचं ताक-कण्या, आणि देव मधल्या पायरीवर उभा. कडव्यांचा मला अजून अभिमान आहे.

संगीतकाराने पेटीवर चाल लावली आणि दुसऱ्या ओळीला थांबला. "देवाला पाव्हणा कोण म्हणतं हो? भक्तिगीत आहे हे. इथं येळकोट पाहिजे, कोरस उचलेल." मी म्हटलं, आठ अक्षरं आहेत. तो म्हणाला, आठच द्या. मी जागेवर दिली, "येळकोट हो मल्हारी". कोरसनं उचललं. ते त्याचं बरोबर होतं, धंद्याच्या हिशेबानं. दिमडी, तुणतुणं, घोळ आणि वर ढोलकी, लय एवढी चढवली की पब्लिक उभं राहूनच ऐकेल. एका गाण्याचे दीडशे रुपये मिळाले, व्हाउचरवर सही करून. व्हाउचर मी वाचलं नाही. त्या वयात दीडशे रुपये देणाऱ्याचा कागद कोण वाचतो?

कॅसेट आली. जेजुरीला चिंचेच्या झाडाखाली भंडाऱ्याच्या दुकानाबाहेर लावलेली मी स्वतः ऐकली, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात तेच गाणं. विकत घेतली, कव्हर उलटं केलं. गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, ढोलकीवाल्याचंसुद्धा होतं. माझ्या गाण्यापुढे छापलं होतं : गीत, पारंपरिक.

पारंपरिक लिहिण्यामागचं गणित साधं असतं. पारंपरिक गाण्याला मालक नसतो. पुन्हा वापरलं, दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलं, तरी कुणाला पैसे द्यायला नकोत. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती नाहीही. मी दोनदा मुंबईला गेलो, ऑफिसात चहा मिळाला. मालक म्हणाले, "अहो, पारंपरिक म्हणजे मान आहे, लोकांनी आपलं म्हटलंय गाणं." चहाचा कप तसाच ठेवून आलो, एवढीच माझी बंडखोरी.

घरी येऊन अक्काला कव्हर दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "बरोबर छापलंय की. आईचंच आहे ते."

तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आताही हेच आहे : ओवी म्हणजे गाणं नव्हे. ओवीला मुखडा नसतो, परत फिरून यायची जागा नसते, ती दळण संपेपर्यंत पुढे पुढे जाते. कडवी मी लिहिली, दोन ताटं मी आणली, अठरा ओळींतल्या सोळा माझ्या. उरल्या दोन, त्यातली अर्धी तर बदललीच. अक्का म्हणाली, "तेच म्हणते मी. आईची जी ओळ होती तीच काढलीस आणि तिथं येळकोट घातलास." मी म्हटलं, मग आईची ओळ त्यात नाहीच, तर गाणं आईचं कसं? वकिलानं दाद द्यावी असा मुद्दा होता. अक्कानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग तिनं मला आप्पांचं सांगितलं.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, मुंबईत परळच्या एका कापड गिरणीत होते. होळीला यायचे, गणपतीला यायचे, चार दिवस राहायचे. सगळ्यांचेच बाप असे होते, मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. १९८२ च्या जानेवारीत संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्यातलेच आमचे आप्पा पुढच्या वर्षी एक ट्रंक घेऊन कायमचे घरी आले. मी तेव्हा सतरा वर्षांचा. अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, तिला सगळं ठाऊक होतं. आप्पांचं परळला दुसरं घर होतं. दोन घरचा पाहुणा खंडोबा नव्हताच.

म्हणजे मी आईची एकच खरी ओळ दीडशे रुपयांना बदलून दिली होती आणि बाकीच्यावर वरातीत लोक नाचत होते. अक्काच्या भाषेत, "तिचं रडणं तू नाचायला लावलंस." हे मला लागलं, आणि मी आणखी जोरात भांडलो. मला कुणी सांगितलं होतं का? ओवीत देवाचं नाव घालायचं आणि मग मुलानं देवाचं समजून लिहिलं तर त्याचा गुन्हा?

आईचं काय म्हणणं होतं हे सगळे विचारतात. चंपाषष्ठीला कर्ण्यावर गाणं लागलं होतं, मी मुद्दाम तिला ऐकवायला थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. म्हणाली, "चाल लई पळती. पीठ सांडंल." माझ्या गाण्यावर आलेली याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. ओळ बदलल्याचं ती काही बोलली नाही. २००९ मध्ये गेली.

अक्काचा मोठा दाखला म्हणजे सोपानदेव चौधरी. स्वतः नावाजलेले कवी, पण आईची गाणी लिहून घेतली होती ती आई गेल्यावर अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक आलं ते बहिणाबाईंच्या नावावर. "त्यांना नव्हतं का स्वतःचं नाव घालता आलं?" असं अक्का म्हणते. मी म्हणतो, बहिणाबाईंची गाणी अख्खी होती, माझ्या वाट्याला दोन ओळी आल्या. यावर तिच्या नातीनं मागच्या वर्षी मोबाईल पुढे केला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम सुरू केलं होतं, महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या. आता 'पारी' नावाच्या वेबसाइटवर त्या वाचायला-ऐकायला मिळतात. प्रत्येक ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. पारंपरिक म्हणून सोडून दिलेलं नाही. मी तासभर बघत बसलो. आमचं गाव शोधलं, सापडलं नाही.

आता तुमच्यासारख्या नवीन लिहिणाऱ्याला कामाचं काही सांगतो. व्हाउचर वाचा. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा सोडून देता येत नाही, कागदावर सही करून दिली तरी. वारसांना देता येतो किंवा सोसायटीकडे सोपवता येतो. गीतकार-संगीतकारांची सोसायटी, आयपीआरएस, १९६९ पासून आहे. सभासद व्हा. शब्द दिले की त्याच दिवशी स्वतःलाच मेल करून ठेवा, तारीख राहते. माझा पुरावा म्हणजे फॅटची पावती, तिच्यावर म्हशीवाल्याचं नाव आहे, माझं नाही.

आणि ओळ कुणाची उचललीत तर विचारा. माणूस जिवंत असेल तर त्यालाच विचारा. हे अक्काला पटावं म्हणून लिहीत नाही, ती हे वाचणार नाही. कोर्टात गेलो तर गाणं माझंच ठरेल असं मला आजही वाटतं. एवढंच की सगळ्यांची गाणी अशीच येतात असा माझा दावा नाही. शहरात वाढलेल्या, जातं न ऐकलेल्या माणसाचं वेगळं असेल. पण त्याच्याही कानात कुणीतरी असणार.

दोन वर्षांपूर्वी अक्काच्या त्याच नातीचं लग्न झालं. हळद दळायला माळ्यावरचं जातं खाली काढलं, खुंट्याला धागा बांधला, बायका बसल्या. अक्काचे गुडघे गेलेत, तरी तिनं खुंटा धरला आणि आईची ओवी म्हटली, पाव्हण्यासकट, आईच्या लयीत. मी दारात होतो. ती थांबली नाही. तिनं पुढची ओवी घेतली, त्याच पाव्हण्याला उद्देशून, जी मी जन्मात ऐकली नव्हती. माझा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. अक्कानं मान वर केली, खुंटा फिरताच होता, आणि म्हणाली, "ठेव तो."

ठेवला. ओवी पाठ आहे. इथे लिहीत नाही.

चालीवर शब्द कसे बसवायचे ते राहिलंच. वेगळा प्रश्न टाका, सांगतो.