मालवणकडच्या घराला पाणी कुणाकडं मागायचं?

प्रश्न : सासऱ्यांचं जुनं घर मालवण तालुक्यात, समुद्राजवळच्या एका वाडीत आहे. आता निवृत्तीनंतर निम्मं वर्ष तिथं राहायचा विचार आहे. इथं पाणी महापालिकेचं, तक्रार कुठं करायची तेही पाठ. तिथं विहीर आहे, पण मे महिन्यात पाणी मचूळ होतं. शेजारी म्हणतात, बोअर मारा. नळासाठी नेमकं जायचं कुणाकडं?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बोअरवाल्याला इसार दिला नसेल तर देऊ नका. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं, बोअर खोल गेली तर आणखी लवकर. मग तुमच्याबरोबर शेजाऱ्याची विहीरही बिघडते, आणि ती सुधारायला कैक पावसाळे जातात. तुमची विहीर मेमध्ये तेच सांगते आहे.

आता नळाचं. घर मालवण शहरात असतं तर नगरपरिषद. गावात आहे, म्हणजे ग्रामपंचायत. योजना उभारतो जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, मोठ्या योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. पण गावच्या योजनेचा पंप चालवणं, जोडणी देणं, पाणीपट्टी घेणं ग्रामपंचायतीकडं. उगाच ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी, हेलपाटा घालू नका, तिथून परत गावातच पाठवतील.

अर्जासोबत घराचा नमुना नंबर 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतला उतारा आणि घरपट्टीची पावती लागेल. कोकणातली घरं अडतात ती इथं. उताऱ्यावर सासऱ्यांच्या जोडीला चुलत सासरे, त्यांची मुंबईची मुलं, एखादं नाव तर कधीच वारलेल्या माणसाचं. सामायिक घर असलं की हिस्सेदारांची संमती मागतात. गणपतीला सगळे घरी येतात, तेव्हाच सह्या उरकून घ्या. एकदा चाकरमानी गाडीत बसले की वर्षभर नुसते फोन.

चौकशी वाडीची करा, गावाची नव्हे. एका गावात दोन योजना असतात आणि तुमच्या वाडीला पाइप गेलेला असेलच असं नाही. 2019 च्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर धरलेत, ते कार्यालयात कुणीही सांगेल. खरी खबर पंप सोडणाऱ्या माणसाकडं. उद्भव, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर किंवा तलाव, कुठला, मेमध्ये किती दिवसांआड पाणी सोडतो, तुमचं घर टाकीच्या वरच्या अंगाला की खालच्या, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला भेटायचं ते उन्हाळ्यात. श्रावणात गगनबावडा उतरून गेलात तर अख्ख्या कोकणाचं पाणी गोडच लागेल!

विहीर मात्र बुजवू नका. मेमध्ये तिचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्लोराइड, म्हणजे खारेपणाचं माप, लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. दुसरी सोयच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. त्यापुढं गेलं तर विहीर माडांना ठेवा, त्यांना थोडं खारं चालतं.