मॉडेलची व्याख्या काढताना अवतरणचिन्हं विसरू नका
अ‍ॅझ्युअर डिजिटल ट्विन्स या खऱ्या उपकरणांच्या डिजिटल प्रतिकृती ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून उपकरणाचं मॉडेल काढायचं तर आधी सीएलआयमध्ये (कमांड टाइप करून चालवायच्या साधनात) 'अ‍ॅझ्युअर-आयओटी' एक्स्टेन्शन घाला. मग 'एझेड डीटी मॉडेल शो' चालवा, इन्स्टन्सचं (तुम्ही तयार केलेल्या सेवेच्या प्रतीचं) नाव आणि मॉडेलचा डीटीएमआय, म्हणजे त्याचा ओळख-क्रमांक, द्या. नवखे हमखास अडकतात ते इथेच: डीटीएमआयच्या शेवटी आवृत्तीच्या आकड्याआधी अर्धविराम असतो, उदाहरणार्थ ';1'. कमांड चालवणाऱ्या बॅश शेलला वाटतं कमांड तिथेच संपली, आणि आवृत्ती गळून पडते. म्हणून पूर्ण डीटीएमआय अवतरणचिन्हांत ठेवा; लहान-मोठी अक्षरंही जशीच्या तशी हवीत.

उत्तरात नुसती वरवरची माहिती आली तर घाबरू नका, 'डेफिनिशन' हा पर्याय जोडला की मॉडेलची पूर्ण व्याख्या जेसॉन या मजकूर-स्वरूपात मिळते. 403, म्हणजे परवानगी नसल्याचा एरर, आला तर तुमच्याकडे 'डेटा रीडर' (डेटा वाचण्याची) भूमिका आहे का ते तपासा. सबस्क्रिप्शनचे मालक असलात तरी ती वेगळी घ्यावी लागते.