सोलापुरात फ्लॅटमध्ये राहून गाय पाळता येत नाही, मग गोसेवा कशी करावी?

गाय दारात नसली तरी चालते: रोज ताटं वाढण्याआधी एक भाकरी गोग्रास म्हणून काढा आणि जमेल तसा ज्वारीचा कडबा जवळच्या गोशाळेत पोचवा. मी रविवारी गोशाळेत हातभार लावायला जातो. उन्हाळ्यात तिथे खरी चणचण कडब्याचीच असते. वसुबारसेला मात्र उलटं होतं, गव्हाणीत पुरणपोळ्यांचा ढीग! भक्ती खरी, पण भात, पुरण, पोळ्या एकदम जास्त गेल्या तर गाईच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, कधी जिवावरही बेततं. म्हणून शिजवलेलं अन्न घासभरच द्या, तेही हातातून. प्लॅस्टिकची पिशवी घरी परत न्या. गाय ती अन्नासकट गिळते.